तिकिटाला एक चमचा

मंगळवार, दुपार

हेडमास्तरीणबाई,

तुझी रूममेट म्हणाली, तू माझा नंबर ब्लॉक केलायस. काही सांगायचं असेल तर कागदावर लिही, पाकीट तुझ्या गावच्या संध्याकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते म्हणाली. "आणि शिव्या लिहू नकोस, मी आधी वाचणार आहे." रूममेटबाई, तू वाच आणि तिलाही वाचू दे.

माफी मागायला बसलेलो नाही, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. रविवारी सकाळी आयसीयूबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये खांबापाशी उभं राहून तुला जे ओरडून बोललो ते परत बोलेन. माझ्या भाच्याच्या फुप्फुसात पाणी भरलं तेव्हा ड्यूटीवर तू होतीस. चार वर्षांचं पोर. हृदयाचं ऑपरेशन झकास झालं, असं सर्जनने ताईला स्वतः सांगितलं होतं. मग किडन्या बसल्या. "मेल्या नाहीत, झोपल्यात," डॉक्टर म्हणाले. म्हणून पोटात नळी घातली. कोमट पाणी आत सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं, रक्तातली घाण घेऊन ते बाहेर येतं. किडन्या जाग्या होईपर्यंत पोटानेच त्यांचं काम करायचं. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. नर्सिंगची दोन वर्षं मीही तुझ्याच बाकावर काढली आहेत. तिसऱ्या वर्षी त्या मास्तरणीच्या टेबलावर ट्रे आपटून बाहेर पडलो आणि आता मोबाईलची कव्हरं विकतो, ही गोष्ट वेगळी.

तुझं काम एकच होतं. आत किती गेलं, बाहेर किती आलं, ते लिहायचं. तोंडाने पाणी द्यायचं ते औषधाच्या झाकणाने दिवसातून एकदा, तेही नर्सनेच. एवढ्याशा हिशेबात तू नापास झालीस. कागदावर सगळं बरोबर आणि पोराचं वजन रोज वर. डोळे सुजले, पाय सुजले आणि रविवारी सकाळी श्वास लागला. पुन्हा घशात नळी, पुन्हा मशीन. डॉक्टरांनी तुझे कागद काढले तर एक नोंद खोटी निघाली, तू ते कबूलही केलंस आणि तुला घरी पाठवलं. आता तुझ्या जागी जाड चष्मावाली नर्स आली आहे, तिचा हिशेब पहिल्या दिवसापासून जुळतोय. सगळे म्हणतात, बघा, बाई बदलली आणि आकडे सरळ झाले.

मी म्हणालो होतो की तुझं लक्ष कागदावर नव्हतं, त्या पंपवाल्यावर होतं. तेही मागे घेत नाही. शनिवारी संध्याकाळी जिन्यात तूच मला सांगितलंस ना, घरच्यांनी लग्न ठरवलंय म्हणून? ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसाचं मशीन चालवणारा माणूस. मी त्याला पंपवाला म्हणतो. राग येत असेल तर येऊ दे.

जेवतेस ना?

– भडका


गुरुवार, संध्याकाळ

हेडमास्तरीणबाई,

उत्तर मिळालं. पाकीट जाड लागलं म्हणून वेटिंग हॉलच्या कोपऱ्यात जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून उघडलं. आत चौघडी घातलेला कागद आणि त्यावर एक ओळ:

"त्याला लघवी झाली का?"

मी तीन पानं लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या मुलीला तीन पानं लिहिली आणि तिने विचारलं काय, तर लघवी. तुझी रूममेट हे वाचून इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

सांगणार नाही. तुला आकडा पाहिजे, मला उत्तर पाहिजे. एकाला एक. त्या लग्नाला तू स्वतः हो म्हणालीस की तुझ्या दादाने म्हणायला लावलं? एवढं लिही, मग पिशवीत काय आहे ते सांगतो. तोपर्यंत बस नखं खात.

तुला वाटेल काय नीच माणूस आहे. आहेच. पण तू इथे नाहीस, तुला काय कळणार? इथे सगळं जग त्या पलंगाखालच्या पिशवीभोवती फिरतंय. दाजी आत गेले की आधी पोराकडे बघत नाहीत, पलंगाखाली चप्पल हरवल्यासारखे वाकून बघतात. बाहेर आले की आई त्यांच्या तोंडाकडे बघते. दाजी मान हलवतात. मग सगळे पुन्हा आपापल्या खुर्चीवर. ताईच्या तोंडी तर दुसरा शब्दच नाही. काल शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने विचारलं, "तुमचं काय, झडप का?" ताई म्हणाली, "लघवी." त्या बाईने खुर्ची बदलली.

आपला चार वर्षांचा कंडक्टर झोपलेला आहे. औषध देऊन झोपवलाय. घशात नळी, त्यामुळे "पुढे सरका, पुढे सरका" बंद. मला वाटलं नव्हतं की त्या आवाजाची आठवण येईल. पहिल्यांदा मशीनवरून निघाला तेव्हा पलंगावर बसून दिवसभर तेच. तुझ्याकडची पांढरी चिकटपट्टी मागून घेतली, तिचे तुकडे फाडले, त्यावर पेनाने एक रेघ मारली की झालं तिकीट. जो भेटायला येईल त्याला तिकीट. डॉक्टरांनाही दिलं होतं, आठवतं? डॉक्टर म्हणाले, "कुठली गाडी आहे ही?" तर म्हणाला, "घरची."

उत्तर पाठव. आकडा तयार आहे.

– भडका


शनिवार, सकाळ

तू उत्तर दिलं नाहीस. ठीक. आता माझ्याकडे आकड्यापेक्षा मोठी गोष्ट आहे.

काल दुपारी ताई हॉलच्या टोकाला बेसिनवर दाजींचा शर्ट धूत होती. खिशातून चिकटपट्टीचा तुकडा निघाला. ती ओला शर्ट हातात घेऊन आमच्यासमोर येऊन उभी राहिली. पाणी तिच्या पायावर गळतंय, तिला पत्ता नाही.

"हे काय?"

"तिकीट," दाजी म्हणाले.

"तिकीट आहे ते दिसतंय. कितीला घेतलं?"

दाजी वर्तमानपत्राची घडी घालायला लागले. घातलेली घडी उलगडून पुन्हा घातली.

"कितीला घेतलं, विचारतेय."

"चमचाभर," ते म्हणाले. "अगं, पाणी पाणी करत होता. म्हणाला, बाबा, तिकीट घ्या, एक चमचा द्या, कुणाला सांगू नका. एक चमच्याने काय होतंय?"

ताईने पर्स उघडली. तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, जिथे ती बांगडीची पावती ठेवते, तिथे अशीच तिकिटं होती. एकाला एक चिकटून गोळा झालेला. "मलाही म्हणाला होता, कुणाला सांगू नको."

मग आम्ही आईकडे बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मी चमचा कधी हातात घेतला नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "थर्मासच्या झाकणातून द्यायचे. जरासं."

आणि मग ती तिघं माझ्याकडे बघायला लागली. मी मोबाईलचं कव्हर काढलं. सगळ्यांत जास्त तिकिटं माझीच होती. जमिनीवर पडली ती दाजींनी पायाने खुर्चीखाली ढकलली.

समजलं तुला? आत एका वेळी एकालाच सोडतात. नर्स पाठ वळवून औषध भरायची आणि आमच्यातला प्रत्येक जण समजायचा की हा एक चमचा फक्त आपला. एवढंसं पोर, चौघांना चार गाड्यांत बसवून फिरवत होतं. तुझा हिशेब चुकला नव्हता. तुझ्या कागदावर नसलेलं पाणी आम्ही घालत होतो. नव्या नर्सचे आकडे जुळतात, कारण पोराच्या तोंडात आता नळी आहे, तिकीट फाडणार कोण?

आता पुढचं ऐक. आम्ही ठरवलंय, बोलायचं नाही. दाजी म्हणाले, "डॉक्टरांना कळलं तर आपल्याला कुणालाच आत सोडणार नाहीत. पोर उठेल आणि आईबाप दिसणार नाहीत." आई म्हणाली, "ती मुलगी तरुण आहे. तिला मिळेल दुसरीकडे." ताई शर्ट पिळत राहिली. मी मान हलवली.

हे पत्र कुणाला दाखवलंस तर आम्ही चौघंही नाही म्हणू. माझं अक्षर कसं आहे तुला माहीत आहे, मलाच वाचता येत नाही. तुझ्या रूममेटचं काय, ती सगळ्यांबद्दलच बोलते, तिचं कुणी मनावर घेत नाही.

पण मी डॉक्टरांकडे जाऊ शकतो. एकटा मीच जाऊ शकतो. बुधवारी संध्याकाळी गेटजवळच्या चहावाल्याकडे ये. ते लग्न मोडलं, एवढं तोंडाने सांग. मी तिथूनच उठून डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातो. तुझी नोकरी तुला, तू मला.

लघवी झालेली नाही. हे फुकट दिलं.

– भडका


मंगळवार, रात्र

या वेळेस तुझ्या ओळी मोजण्यासारख्या आल्या. मी त्या पाठ केल्यात, आता मलाच त्रास होतोय. इथे उतरवतो, म्हणजे तुलाही कळेल तू काय लिहिलंस:

"ताईचा एक चमचा मला माहीत होता. मी पाठ वळवली ती मुद्दाम. तो चमचा मी औषधाच्या पाण्यात धरून लिहायचे. तीच खोटी नोंद. त्याच्या आईला एक चमचा देऊ द्यावा असं मला वाटलं, ते चुकलं. ते मी कुणाला सांगितलं नाही, नाहीतर तिला आत येणं बंद केलं असतं. बाकी तुम्हा तिघांचं माहीत नव्हतं. घशातली नळी निघाली की त्याला पहिलं आठवेल ते पाणी. तुम्ही पुन्हा तेच कराल. हृदयाला दुसऱ्यांदा झेपणार नाही. कापूस ओला करा, घट्ट पिळा, फक्त ओठांना लावा. तू दोन वर्षं शिकलायस. चहाला मी येणार नाही."

दोन वर्षं शिकलायस. हे तू मुद्दाम घातलंस. तुला माहीत होतं ते कुठे लागेल. हो, मला कळत होतं. किडनी बंद असताना पाणी कुठे जातं, हे मी परीक्षेत लिहिलंय आणि त्यात तुझ्यापेक्षा एक मार्क जास्त होता. तरी मी चमचा पुढे केला, कारण तो म्हणाला, "मामा, तू चांगला आहेस, बाकीचे देत नाहीत." मला अलीकडे कुणी चांगला म्हटलेलं नाही. तू तर नाहीच.

आणि ताईसाठी तू खोटं लिहिलंस. माझ्यासाठी तू कधी हजेरीसुद्धा लावली नाहीस.

आज तुझा पंपवाला भेटला. कॉफीच्या मशीनपाशी. मी पैसे टाकले, मशीनने कप दिला नाही, मी मशीनला लाथ घातली. मागून आवाज आला, "खालच्या बाजूला हलकं ढकला, येतो कप." बघतो तर हा. टक्कल पडायला लागलंय, तुला दिसत नाही का?

मी म्हणालो, "तुमच्याच मशीनने माझ्या भाच्याच्या किडन्या झोपवल्या."

मला वाटलं, चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं, माझी तयारी होती. म्हणाला, "हो, होतं असं काही मुलांना. फार वेळ लागला होता त्या दिवशी. म्हणून मी रोज वर येऊन पिशवी बघून जातो." मग विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी कप तिथेच ठेवून आलो.

बुधवार अजून उजाडायचा आहे. मी चहावाल्याकडे बसणार आहे.

– भडका


गुरुवार, दुपार

काल बसलो. दुकान बंद होईपर्यंत बसलो. चहावाल्याने शेवटी माझ्या पायांखालून झाडून घेतलं.

आता बातमी. काल सकाळी घशातली नळी काढली. आवाज चिरका झालाय, म्हाताऱ्या माणसासारखा. पहिला शब्द "पाणी". दुसरा "पाणी". तिसऱ्यांदा त्याला आठवलं की पाणी असं मिळत नसतं, त्याची एक पद्धत आहे. त्याने हात वर केला. हाताला सुया, पट्टी, फळी बांधलेली. त्या पट्टीचीच कड नखाने सोलायला लागला.

मी आत होतो, माझी पाळी संपत आली होती. आई दारात आली, नव्या नर्सने पाच मिनिटं दोघांना राहू दिलं आणि ती औषध आणायला पलीकडे गेली. कंडक्टरने आईला हाक मारली, "आजी, तिकीट." आईने पदराखालून थर्मासचं झाकण काढलं. भरलेलंच होतं. बाहेरून भरून आणलं होतं. अगं, ठरलं होतं आमचं, कुणी द्यायचं नाही म्हणून. मीच सगळ्यांना तुझा कापूस सांगितला होता, म्हणजे माझा म्हणून सांगितला होता.

मी तिचा हात धरला.

"सोड," आई म्हणाली. "ओठ बघ त्याचे."

"आई, मरेल तो."

"तहानेने मरेल. तू कोण मोठा डॉक्टर, अर्ध्यातून पळून आलेला."

झाकण उलटं झालं. पाणी चादरीवर सांडलं. ते कसं पसरतंय ते कंडक्टरने नीट बघितलं. रडला नाही. रडायलाही अंगात पाणी लागत असेल. ओल्या चादरीवर बोट घासून तो ते बोट चोखायला गेला आणि मी तेही धरलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मास्तरणीच्या टेबलावर ट्रे आपटला तेव्हा तिनेही तसं बघितलं नव्हतं.

"मामा, उतर," तो म्हणाला. "माझ्या गाडीतून उतर."

नर्स आली. "हे कसं सांडलं?" मी म्हणालो, "माझ्या हातून." आई म्हणाली, "हा असाच आहे लहानपणापासून."

डॉक्टरांना मी काही सांगितलं नाही. ऐकलंस का? हे एवढं झाल्यावरसुद्धा सांगितलं नाही. मी तुझी वाट बघत होतो. संध्याकाळी चहावाल्याकडे जाईपर्यंत माझ्या डोक्यात तेच होतं, की ती आली की सांगू. आली नाही तर कशाला?

आज तुझी चिठ्ठी. "किंमत मलाही लावता येते. जिथे ओरडलास तिथेच ओरडून सांग. सकाळच्या राउंडला, सगळे असताना, तेवढ्याच आवाजात. त्यातून मला नोकरी परत मिळेल की नाही, माहीत नाही. मी तुला मिळणार नाही, हे माहीत आहे."

म्हणजे माझ्या हातात काय? ताईच्या नजरेतून उतरायचं, दाजींचा मार खायचा, आईला चोर ठरवायचं आणि बदल्यात काही नाही. दुकानात गिऱ्हाईक अशी घासाघीस करायला लागलं तर मी त्याला रस्ता दाखवतो.

नाही जमणार. दुसरं काहीतरी माग.

– भडका


शुक्रवार, दुपार

ओरडलो.

तुझ्यासाठी ओरडलो असं लिहिणार होतो. ते पान फाडलं. काल संध्याकाळी दाजी आतून बाहेर आले आणि खुर्चीवर बसून छातीवरचा खिसा दाबून धरला. मी विचारलं, "काय आहे?" म्हणाले, "पेन." मी खिशात हात घातला. नवीन तिकीट होतं. हाताच्या पट्टीची सोललेली कड, तिला जरा रक्त. त्यावर रेघसुद्धा नव्हती, पेन कुठलं असणार त्याच्याकडे.

रात्री वजन वाढलं. सकाळी बोटांना सूज. डोळ्यांखाली पुन्हा तेच.

राउंडला सगळे होते. मोठे डॉक्टर, छोटे डॉक्टर, चष्मावाली, सफाईवाल्या मावशी, हॉलमधली सगळी माणसं दारापर्यंत. तुझी रूममेट ट्रॉलीमागे उभी होती, साक्षीदार म्हणून पाठवलेली असावी. मी बरोबर त्याच खांबापाशी उभा राहिलो. म्हणालो, आम्ही पाणी पाजलं. चौघांनी पाजलं. त्या नर्सने नाही. तिची खोटी नोंद फक्त ताईचा एक चमचा झाकायला होती. काल पुन्हा पाजलं. मग कव्हरमधली, ताईच्या पर्समधली, दाजींच्या खिशातली, सगळी तिकिटं डॉक्टरांच्या हातात दिली.

त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी मोठं बोलणार. ते चष्मावालीला म्हणाले, "आजपासून कुणीही आत नाही. आईने काचेतून बघायचं. औषधाच्या झाकणातलं पाणीही बंद." आणि आत जायला वळले. मी मागे धावलो, म्हणालो, आणि तिचं काय? ते न थांबता म्हणाले, "तिने आईचा चमचा लपवला, ते तिचंच. आयसीयूत नाही घेणार. वॉर्डात जागा असली तर बघू."

तेवढंच पदरात पडलं तुझ्या. माझी किंमत, तुझी किंमत, सगळं मिळून वॉर्डात जागा असली तर.

दाजींनी मारलं. एकच, पण मनापासून. चष्मा असता तर फुटला असता. आई म्हणाली, "सख्ख्या आईला भर माणसांत उघडं पाडलंस." ताईने मारलं नाही. ती काचेपाशी जाऊन उभी राहिली. आतून कंडक्टर तिला हाताने बोलावत होता, ये, ये, अशी बोटं हलवून. तिने काचेवर हात ठेवला. त्याला वाटलं, ही तिकीट मागतेय. त्याने हाताची पट्टी सोलायला घेतली आणि नर्सने त्याचे दोन्ही हात मऊ पट्टीने पलंगाला बांधले.

ताई मागे वळून म्हणाली, "तुला बरं वाटलं का आता?" एवढंच. आणि पुन्हा काचेकडे तोंड केलं.

तू खूश असशील. लिहून कळव.

– भडका


बुधवार, सकाळ

झाली.

काल पहाटे झाली. आधी चमचाभर, पिवळीधमक. चष्मावालीने दिव्यासमोर धरून बघितली. दुपारपर्यंत पिशवीचा तळ झाकला गेला. संध्याकाळी छोटे डॉक्टर हॉलमध्ये येऊन ताईला म्हणाले, "किडन्या उठल्या." ताई खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाली, "लघवी झाली." तो म्हणाला, "अभिनंदन." खरंच म्हणाला. इथे सगळ्यांना कळतं.

या आकड्याचे पैसे नाहीत. पंपवाल्याने तुला माझ्याआधीच कळवलं असेल, तो काल दोनदा पिशवीपाशी वाकला होता. तरी लिहिलं. विचारलं होतंस ना.

– भडका


रविवार, संध्याकाळ

तुझी शेवटची चिठ्ठी मिळाली. "रूममेट म्हणाली, त्या दिवशीपेक्षा आवाज कमी होता."

वाचून मला आधी हसू आलं. मग मी तुझ्या रूममेटला गाठलं. म्हणालो, कमी होता का? ती म्हणाली, "खरं सांगू? त्या दिवशी तळमजल्यापर्यंत ऐकू आलं होतं. या वेळी मला ट्रॉली थांबवून कान द्यावा लागला." मग तिने हेही सांगितलं की वॉर्डातली जागा तू घेतली नाहीस, लग्नानंतर त्याच्याबरोबर दुसऱ्या शहरात जाणार आहेस, तिथल्या हॉस्पिटलात. आणि यापुढे ती पाकिटं नेणार नाही, हे शेवटचं. मी तिला चिमटे काढणारं बरंच काही बोललो. ती म्हणाली, "बघ, आता कसा खणखणीत येतोय आवाज."

तुला सांगायचं ते वेगळं आहे. पोटातली नळी काल काढली. आज त्याला आयसीयूतून वॉर्डात हलवलं. चाकाच्या खुर्चीवर बसवून, मांडीवर उशी, छातीवर ती लांब पट्टी. कॉरिडॉरमध्ये आम्ही सगळे ओळीने उभे. चष्मावालीने त्याला चिकटपट्टीचं अख्खं रीळ दिलं होतं आणि पाण्याची बाटलीही, वर रेघ मारलेली, दिवसभराची. आता तिकिटाला पाणी लागत नाही, फुकट वाटत होता. तरी कुणी घेताना हसत नव्हतं. दाजींनी घेतलं आणि लगेच उघड्या तळहातावर ठेवून नर्सला दाखवलं. आईने घेतलं. ताईने घेतलं आणि तोंडावर धरलं. मावशींना मिळालं, छोट्या डॉक्टरांना मिळालं. तुझा पंपवाला लिफ्ट धरून उभा होता, त्याला दोन मिळाली. म्हणाला, "दुसरं कुणाचं?" तर कंडक्टर म्हणाला, "त्या नर्सताईचं. ती कुठे गेली?" पंपवाल्याने ते पैशाच्या पाकिटात ठेवलं. तुझ्याकडे पोचेल.

मी खांबापाशी होतो, शेवटचा. खुर्ची माझ्यासमोर आली तेव्हा मी हात पुढे केला. त्याने रीळ उशीखाली सरकवलं. चिडलेला नव्हता. कामात होता.

"जागा नाही," तो म्हणाला. "मागून गाडी येतेय."

आणि लिफ्टचं दार लागलं.

मागून गाडी येत नसते, हे तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. तरी त्याला मी बरं म्हणालो आणि तिथेच उभा राहिलो.

– भडका